ब्रेक कोणी मारला

मी बोलायला लागलो की समोरच्याचा चहा थंड होतो, त्यावर साय धरते, साय सुकते, आणि तरी तो कप तोंडाला लावत नाही. ही तारीफ नव्हे, हा माझा धंदा होता. भिलाईत जीई रोडवर जुन्या पण महागड्या गाड्या विकणारं एक शोरूम होतं. तिथं मी पंधरा वर्षं बोललो. गाड्या मालकाच्या, तोंड माझं.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडं अर्ध्या स्वतःच चालणाऱ्या गाड्या यायला लागल्या. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध राहतात, पुढच्या गाडीपासून अंतर धरतात, आणि पुढं काही आडवं आलं, तुमचं लक्ष नसलं, तर आपणच ब्रेक मारतात. पण पूर्ण नाही, अर्ध्याच. हात स्टिअरिंगवर ठेवायचा, नजर रस्त्यावर ठेवायची. नाही ठेवली तर गाडी आधी दिवा दाखवते, मग कुरकुरते, मग चक्क ओरडते. हे सगळं गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असे. ते पुस्तक मी कुठल्याही गिऱ्हाइकाला उघडू दिलं नाही. "साहेब," मी म्हणायचो, "ही गाडी एकटी दुर्गला जाऊन तुमच्यासाठी गरम जलेबी घेऊन येईल. फक्त सुटे पैसे सीटवर ठेवा."

गिऱ्हाईक हसायचं, मग हळूच विचारायचं, "पर ब्रेक सच में अपने आप लगता है क्या?" त्या प्रश्नाची मी वाट पाहत असायचो. कारण तिथून माझ्या बाबांची गोष्ट सुरू व्हायची.

बाबा रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर. आमचं घर भिलाईशेजारच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरात. भिलाईच्या हुडको कॉलनीत आलो ते बाबा रिटायर झाल्यावर. एकदा राजहऱ्याच्या खाणीवरून खनिज भरून येताना फाटकावर ट्रॅक्टर अडकलेला होता, ट्रॉलीत मजूर बाया होत्या, आणि गाडी त्यांच्या अलीकडं थांबली. याबद्दल बाबांना प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत घालून बैठकीत लावलेलं होतं. एवढंच खरं. बाकीचा माल माझा.

मी शाळेत सांगायचो तेव्हा डबे चाळीस होते. कॉलेजात गेलो तेव्हा अठ्ठावन्न झाले. शोरूममध्ये आलो तेव्हा ट्रॉलीत मजुरांच्या जागी वरात बसली, नवरी हळदीच्या अंगानं, मांडीवर आंधळी आजी. गाडी थांबली तेव्हा इंजिन आणि नवरीच्या पदराच्या मध्ये एक बिडी पेटवण्याइतकी जागा उरली, आणि बाबांनी तिथंच उतरून बिडी पेटवली. बाबांनी जन्मात कधी बिडी ओढली नाही. एका वर्षी मी आणखी एक गोष्ट केली. इंजिनात ड्रायव्हरसोबत एक असिस्टंट असतो. त्याला मी झोपवला. "असिस्टंट तो घोड़े बेचके खर्राटे मार रहा था, साहब!" म्हटलं की गिऱ्हाईक गुडघ्यावर थाप मारायचं. हशा मिळाला म्हणून तो असिस्टंट कायमचाच झोपला. शेवटी मी बॉनेटवर हात ठेवायचो. "साहेब, माझ्या बाबाचा पाय या गाडीत बसवला आहे."

एका दुपारी बाबा माझा विसरलेला डबा घेऊन शोरूमला आले होते. मी नेमका त्या असिस्टंटच्या घोरण्याचा आवाज काढून दाखवत होतो. बाबांनी डबा टेबलावर ठेवला, आणि गेले. त्या दिवशी घरी मी विचारलं, "बाबा, थांबले कावून नाही?" ते म्हणाले, "तुहं चालू होतं." मला वाटलं, लाजले.

मग गोंदियाहून फोन आला. त्या गाडीवरच्या असिस्टंटला, म्हणजे ज्यांना मी काका म्हणायचो त्यांना, लकवा झाला होता. मी त्यांना लहानपणी दोनचारदा पाहिलेलं. उंच, काटकुळा माणूस, आला की मला खांद्यावर बसवून पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचा. नंतर त्यांची बदली झाली, लग्न झालं, गोंदियात घर झालं. बाबा त्यांच्याकडं कधी गेले नाहीत. दरवर्षी काही ना काही निघायचं. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी पाऊस. गोंदिया काही लंडन नाही. माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचतो.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "आता मले नेऊन दे. तो आहे तवरच."

"कशाले एवढी घाई?"

"त्याले एक गोष्ट सांगाची आहे. ते सांगितल्याबिगर तो गेला तं मी कुठं जाऊ?"

मी जास्त विचारलं नाही. योगायोग असा की गोंदियातल्या एका राईस मिलवाल्याला आमची एक गाडी पाहायची होती. मालकानं चावी दिली. रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, आणि मांडीवर एक झोळा होता, टॉवेलात काहीतरी चौकोनी गुंडाळलेलं. बैठकीतल्या भिंतीवर प्रशस्तिपत्राच्या जागी पांढरा चौकोन होता, तो मी निघताना पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

राजनांदगाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि मी बटण दाबलं. बाबांनी आयुष्यात कधी मोटार चालवली नाही, आणि चालवणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "ज्याले आपला रस्ता माहीत नाही त्याले स्टिअरिंग लागते," म्हणायचे. इंजिनाला स्टिअरिंग नसतंच. रूळ नेतील तिकडं जायचं, माणसानं फक्त वेग आणि ब्रेक सांभाळायचा. आता त्यांनी पाहिलं की स्टिअरिंग आपणच हळूहळू वळतंय, गाडी पट्ट्यांच्या मधून सरळ चाललीय. ते जरा पुढं वाकले.

"हे तं रुळावर चालून राहिली."

"चालनच! बाबा, जर्मनीत बारा हजार इंजिनियर सात वर्षं झोपले नाहीत, तेव्हा ही वळायला शिकली."

"कोण वळवून राहिलं?"

"ड्रायव्हर असिस्ट म्हणतात याले."

"म्हणजे असिस्टंट."

"तसंच समजा."

ते माझ्याकडं, मग स्वतःच्या सीटकडं पाहू लागले. "आमच्या इंजिनात ड्रायव्हर डाव्या बाजूले बसते," ते म्हणाले. "असिस्टंट उजव्या बाजूले. तो तिथं बसाचा, तू बसला तिथं." समोर दिवा लागला, गाडीनं टुंग टुंग केलं. "काय म्हणते?"

"हात ठेवा म्हणते."

"मंग ठेव न. बरोबर म्हणून राहिली."

मी एक बोट ठेवलं. मला गप्प बसवत नव्हतं. बाबा असे शेजारी, एवढा लांब रस्ता, आणि मी मिलवाल्याला काय सांगणार त्याची तालीम त्यांच्यावरच करायला लागलो. वरात, नवरी, आंधळी आजी. तोंड पूर्ण बाबांकडं वळवून मी असिस्टंटचं घोरणं काढलं, आणि त्याच क्षणी सीटच्या पट्ट्यानं मला छातीवर कुणी पकडल्यासारखं धरलं. गाडी नाक खाली घालून थांबली. समोर, अगदी समोर, एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसलेली होती. इकडच्या रस्त्यांवर गुरं बसतात, त्यात नवल नाही. पण त्या म्हशीच्या पापण्या मला मोजता आल्या असत्या. ती रवंथ करत माझ्याकडं पाहत होती. बाबांचा झोळा खाली पडला होता आणि ते दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून होते.

मला स्वतःला सावरायला एक सेकंद लागला असेल. दुसऱ्या सेकंदाला माझं तोंड सुरू झालं. "पाहिलं बाबा? पाहिलं? कसा ब्रेक मारला! तुमचंच रक्त आहे!"

बाबांनी झोळा उचलला, टॉवेल उघडून काच फुटली नाही ना ते पाहिलं, परत गुंडाळलं.

बागनदीला चहाला थांबलो. टपरीवरच्या बाकावर बसलो. मी टपरीवाल्याला म्हशीची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा बाबा चहाच्या ग्लासात पाहत म्हणाले, "ब्रेक तू नाही मारला."

"मंग कोणं मारला? म्हशीनं?"

"तुहं तोंड माह्याकडं होतं. पाय वर होता. मी पाहून राहिलो होतो."

मी हसलो. "बरं, गाडीनं मारला. स्टिअरिंगवर मीच होतो न? काय फरक पडते?"

"पडते," बाबा म्हणाले. "माहं बी असंच झालं होतं."

टपरीवाल्यानं रेडिओ लावला होता. बाबा त्यावरचं गाणं संपायची वाट पाहत असावेत तसे थांबले, मग त्याच आवाजात बोलत राहिले, जणू गाडी लेट का झाली ते सांगताहेत.

"मे महिना होता. दुपार. अकरा तास झाले होते ड्युटीले. जेवण झालं, अन् डोळा लागला माहा. किती वेळ लागला ते मले आजवर माहीत नाही. जागा झालो तं सगळं इंजिन थरथरून राहिलं होतं. असिस्टंटच्या बाजूले इमर्जन्सी ब्रेकचा हँडल असते. तो दोन्ही हातानं हँडल ओढून उभा. पाहतो तं समोर बाया ट्रॉलीवरून उड्या मारून राहिल्या. गाडी थांबली. मी म्हटलं, मी सांगतो साहेबाले, मी झोपलो होतो. तं त्यानं माह्या तोंडावर हात ठेवला. असा. म्हणे, झोपला म्हणून सांगसान तं घरी बसवतील, तुमाले चार लेकरं आहेत, माहं अजून लगन बी नाही झालं."

"अन् प्रशस्तिपत्र?"

"रिपोर्टात मी लिहिलं, ब्रेक लावला. कोणं लावला ते नाही लिहिलं. ड्रायव्हर मी होतो, तं माह्या नावानं आलं." त्यांनी चहा न पिता ग्लास बाकावर ठेवला. "रिटायर झाल्यावर सांगतो म्हटलं. तवर तुही गोष्ट गावभर झाली होती. अन् तुह्या गोष्टीत तो झोपलेला आहे."

मी काहीच बोललो नाही. ज्यांना मी माहीत आहे त्यांना कळेल की ही किती मोठी घटना होती.

"ते झोप माही होती," बाबा म्हणाले. "तू त्याले देऊन टाकली. परत घे."

"कोणाकोणाले सांगू, बाबा? अर्धी भिलाई..."

"ज्याले ज्याले सांगितलं त्याले."

गोंदियाला काकांच्या घरी काकूंनी दार उघडलं. "जयभीम," बाबा म्हणाले, आणि चपला काढून सरळ आत गेले. काका खिडकीजवळच्या पलंगावर होते. एवढा उंच माणूस चादरीखाली एखाद्या पोराएवढा दिसत होता. डावी बाजू गेलेली, वाचा गेलेली. उजवा हात तेवढा चादरीवर. पण बाबांना पाहिल्यावर डोळे असे उघडले की काकू म्हणाल्या, "ओळखलं, ओळखलं यायनं!"

बाबा पलंगाच्या डाव्या बाजूला बसले. काकूंनी मला विचारलं, "तुमी तेच न, गाड्या विकता ते? तुमची ते गोष्ट इथवर आली बरं का. आमच्या जावयानं भिलाईत ऐकली. जेवताना यायले विचारलं, मामाजी, तुमी इंजिनात घोरत होते म्हणतात. तं हे हसले. म्हणे, हो न बावा, लागला होता डोळा."

मला त्या वेळी ती बागनदीची टपरी, ती म्हैस, काहीही चाललं असतं. तिथून उठून जाता आलं असतं तर.

बाबांनी टॉवेल सोडला. चौकट काकांच्या छातीशी धरली, जणू त्यांना वाचून दाखवायची होती. "हे तुहं आहे," ते म्हणाले. "ब्रेक तुवा मारला. मी झोपलो होतो. तुह्या बायकोसमोर सांगतो, माह्या पोरासमोर सांगतो. मी झोपलो..."

काकांचा उजवा हात उचलला गेला. कापत, थांबत, इतका हळू की मला वाटलं पोचणारच नाही. तो हात बाबांच्या तोंडावर आला आणि तिथंच राहिला. बाबा त्या तळव्याखाली रडले. माझ्या आयुष्यात मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलेलं नव्हतं, नंतरही नाही.

काकू पाहत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मले माहीत होतं. यायले दिवसा झोपच नाही येत. लग्नापासून पाहून राहिली." त्यांनी चौकट घेतली, पदरानं काच पुसली, आणि परत बाबांच्या झोळ्यात ठेवली. "याचं काय करू भाऊजी? यायचं नाव नाही यावर." मग माझ्याकडं वळल्या. "तुमी लय छान सांगता म्हणतात. सांगा बापा, कोणाचं काय जाते. फक्त यायले तेवढं जागं करा."

मी हो म्हणालो. एवढा लहान शब्द माझ्या तोंडून क्वचितच गेला असेल.

मिलवाल्याकडं गेलो. त्यानं फेरी मारली, आणि अर्थातच विचारलं, ब्रेक खरंच आपोआप लागतो का. बाबा मागच्या सीटवर होते. मी म्हणालो, "लागतो." त्यानं वाट पाहिली, मी पुढं काही बोललो नाही. त्यानं गाडी घेतली. एका शब्दात गाडी विकली, हे मालकाला अजून पटत नाही. आठ दिवसांत कागद करून त्याच्या दारात आणून देतो म्हटलं, आणि त्याच गाडीनं आम्ही भिलाईला निघालो.

परतताना बाबा पुढं येऊन बसले. मी बटण दाबलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ट्रक." मी पाहिलं, समोर ट्रक होता. ते माझ्याकडं बघत राहिले. मला कळेना. "म्हण न," ते म्हणाले, "एकानं सांगितलं की दुसऱ्यानं म्हणाचं असते. सिग्नल दिसला की तो हिरवा म्हणे, मी हिरवा म्हणो. मंग समजे की दोघं बी जागे आहेत."

"ट्रक," मी म्हणालो.

"गाय."

"गाय."

राजनांदगावपर्यंत आम्ही एवढंच बोललो.

काका महिन्याभरानं गेले. बाबा त्या हिवाळ्यात. मधल्या काळात मी शोरूममध्ये ती गोष्ट सांगितली नाही, पण सांगायचं टाळणं आणि परत घेणं यात फरक आहे, हे मला कळत होतं. बाबा रोज मी घरी आल्यावर विचारायचे, "सांगितलं?" मी म्हणायचो, "सांगून राहिलो, बाबा." ते खोटं होतं. माझ्या सगळ्या थापांमध्ये तेवढी एकच थाप अशी, जी मोठी करून सांगता येत नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चरोद्याच्या समाजभवनात जागा उरली नव्हती. जुने ड्रायव्हर, गार्ड, हुडकोचे शेजारी, शोरूमचा मालक, माझी दोनचार गिऱ्हाइकंसुद्धा. भाषणं झाली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "भैया, वो मालगाड़ी वाला किस्सा सुनाओ." सगळे माझ्याकडं वळले. मी उठलो. ठरवून उठलो.

मी म्हणालो, नवरी नव्हती. आजी नव्हती. बिडी नव्हती. माझे वडील झोपले होते. असिस्टंट जागा होता, ब्रेक त्यानं मारला, आणि वडिलांची नोकरी जाऊ नये म्हणून आयुष्यभर गप्प राहिला. झोप वडिलांची होती, ती मी त्याच्यावर टाकली. असिस्टंट गोंदियाला वारले. त्यांना कुणी बक्षीस दिलं नाही.

मग एक जुने गार्ड डोळे पुसत म्हणाले, "बाप तसा बेटा. मोठेपणा आपल्याकडे घेणं यायच्या घरातच नाही." बायका मान हलवायला लागल्या. मी म्हणालो, "नाही, मी खरं सांगून राहिलो." त्यावर मागच्या रांगेत हशा पिकला, प्रेमाचा, ओल्या डोळ्यांचा हशा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. मालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्या पलटा के सुनाया यार, रुला दिया. पर पहले वाली में मज़ा ज़्यादा था."

मी आणखी एकदा सांगितलं. शपथ घेतली. जेवढी शपथ घेतली तेवढे ते हसले. पंधरा वर्षांत मी त्यांना शपथा घेऊनच सगळं सांगितलं होतं. मग जेवणाची पंगत बसली.

काकूंना मी फोन केला. सांगितलं म्हणालो. त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणाले?" मी म्हणालो, "ऐकलं त्यायनं." त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बापा." मला वाटतं त्यांना कळलं.

बोलून होत नाही, म्हणून लिहितो आहे. हा कागद मी गोंदियाला पाठवणार आहे, त्यांच्या जावयानं जेवताना मोठ्यानं वाचावा म्हणून. मालगाडी राजहऱ्याहून येत होती. दुपार होती. फाटकावर ट्रॅक्टर होता, ट्रॉलीत मजूर बाया होत्या. ड्रायव्हर झोपले होते. ते माझे वडील. असिस्टंट जागे होते. ब्रेक त्यांनी मारला.

डबे किती होते, मला माहीत नाही.